तिरपी खाच

विष्णू मास्तरांच्या हातात काहीही दिलं की माझी आई म्हणायची, "गेली ती वस्तू!" पापड दिला तर तो आधी कानाशी नेऊन मोडायचे आणि मग खायचे. खोबऱ्याची कापटी, शेवग्याची वाळकी शेंग, दात घासायची काडी, जे हाताला लागेल ते मोडायचं आणि मोडलेल्या कडेकडे डोळे बारीक करून बघत बसायचं. आई वैतागायची. "बाबा रे, माझा घर सोडून काय व्हया ता मोड," म्हणायची. मास्तर ओशाळून हसायचे आणि तुकडे सदऱ्याच्या खिशात टाकायचे. त्या खिशात काय काय सापडायचं ते त्यांच्या धोब्यालाच विचारावं.

मालवणच्या खाली खाडीकाठी आमचं गाव. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती आणि गावात नवीनच हायस्कूल निघालं होतं. मी तिथं मराठी आणि शिवण शिकवायची. मास्तर शास्त्र शिकवायचे. ते मूळचे बांद्याचे, लग्न न केलेले. आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. गावाला तोंड असतंच, पण माझ्या आईच्या जिभेला गाव घाबरून होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

वर्गात ते पोरांना अहोजाहो करायचे. "काय हो चव्हाण, हा खडू कुठं मोडेल?" असं पाचवीतल्या शेंबड्या पोराला विचारायचे. मग खडूवर पत्तीनं बारीक खाच पाडायचे आणि वाकवायचे. खडू खाचेवरच मोडायचा. दुसरा घ्यायचे, खाच पाडून दोन्ही टोकांनी ओढायला लावायचे. तोही खाचेवरच मोडायचा. तिसरा मात्र सुताराच्या शिकंज्यात उभा धरून दाबायचे, आणि तो खाचेला दाद न देता भलतीकडेच कुठेतरी फुटायचा. मास्तरांचं तोंड खुलायचं. "बघा! ओढलं की खाच उघडते. दाबलं की मिटते. दाबाला खाचेचं भय नाही!" पोरं हे वाक्य एका सुरात म्हणायची. हेडमास्तर कपाळाला हात लावायचे. खडू लिहायला असतात, हे त्यांनी मास्तरांना अनेकदा सांगून पाहिलं होतं.

एकदा मी सदऱ्याच्या बाजूची चीर कापत होते. मास्तर पाठीमागून म्हणाले, "बाई, चीर टोकाशी अशी धारदार सोडू नका. गोल फिरवा, नाहीतर तिथूनच फाटेल." मी म्हटलं, "अहो मास्तर, हे माझ्या आजीला ठाऊक होतं, आणि ती शाळेत गेली नव्हती." दुसरा असता तर चिडला असता. मास्तर एवढे खूश झाले की आजी असती तर तिचे पायच धरले असते.

पण गुणी माणसालाही एखादी खोड असते. कोणी सल्ला विचारला की मास्तर फुलायचे. विहिरीचा रहाट, होडीची फळी, घराचा वासा, गावात काहीही असो, "मास्तरांक इचारा" हे ठरलेलं. "मला माहीत नाही, बघून सांगतो, असं म्हणायला लाजू नका," हे ते पोरांना रोज शिकवायचे. स्वतः मात्र गावासमोर हे वाक्य त्यांना कधी जमलं नाही.

आमच्या देवळापुढं जत्रेला माटव घालतात, म्हणजे मोठा मांडव. त्याचे तिरपे टेकू देवळाच्या पुढल्या खांबांना काथ्यानं बांधायची जुनी रीत. खांब चिऱ्यांचे, एकावर एक रचलेले. एका वर्षी काथ्या सरकला आणि माटव एका अंगाला कलला. तेव्हा तात्या गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, यांनी ठरवलं की खांबांत खाचा पाडायच्या आणि टेकू त्यांत बसवायचे. "पण खांब कमजोर जाव नाय मा?" अशी शंका निघाली, आणि अर्थातच मास्तरांना बोलावणं गेलं.

मास्तर शिकंजा आणि खडू घेऊन देवळात गेले. सगळ्या मानकऱ्यांपुढं त्यांनी खाचेचा खडू दाबून दाखवला. खडू उभा राहिला. "खांबावर छपराचा भार आहे, म्हणजे नुसता दाब. दाबानं खाच मिटते. बिनधास्त पाडा," म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी जेवताना ते आईला आणि मला ही हकीगत पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि आईनं वाढलेला पापड न मोडताच खाल्ला.

खाचा पाडल्या भिकू गवंड्यानं. खांबही त्यानंच बांधले होते. जत्रेच्या माटवाचा पहिला खांब उभा करायचा मान भिकूच्या घराण्याकडे. गावाबाहेरच्यांना ह्या मानाची किंमत कळायची नाही. माणूस दोन वेळ उपाशी राहील, पण देवळातला आपला मान सोडणार नाही. भिकू बुटका, काळाभोर, कमी बोलणारा. मास्तर सांगतात म्हटल्यावर त्यानं शंका काढली नाही. टेकू तिरपे येणार म्हणून त्यानं खाचाही तिरप्या पाडल्या. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते आणि "वा, सुरेख!" म्हणत होते. मी तिथं होते, माझ्या कानांनी ऐकलं.

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी, पालखी बाहेर निघायच्या आधी, डावीकडचा खांब फुटला. मोठा धमाका वगैरे काही झाला नाही. वाळलं लाकूड चिरफाळावं तसा आवाज आला आणि खाचेपासून वरखाली उभी भेग गेली. खाचेचा चिरा दुभंगला, छपराचा कोपरा खाली बसला आणि कौलं धडाधड पडली. एका ढोलकऱ्याचा खांदा निखळला. देवाची कृपा की कोणी मेलं नाही. पण पालखी निघाली नाही, आणि असं गावाच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमला. गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा," तात्या म्हणाले. "व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. कुणाची चूक झाली ते देवाला विचारायचं ठरलं. कौल कसा लावतात आणि कसा वाचतात ते मी इथं सांगत बसत नाही. प्रश्न माणसांनीच विचारायचा असतो, एवढं मात्र सांगते. प्रश्न विचारला गेला तो असा, की देवाच्या खांबाला गवंड्यानं खोटा चिरा लावला काय? देवानं होकार दिला.

मास्तर उठले. मी बायकांच्या बाजूनं बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. तात्यांनी हात केला, "मास्तरांनू, तुमी बसा. ह्यो देवाचो विषय." आणि मास्तर बसले. मान खाली घातली. भिकूचा मान काढून त्याच्या चुलत घराण्याला दिला गेला. भिकू उठला. देवापुढं नमस्कार घालून, पाय न वाजवता, बाहेर पडला. मी त्या दिवशी गावाची लाज वाटून घरी आले, आणि मास्तर माझ्या मागून चालत होते, ते माझ्या बरोबरीनं यायला तयार नव्हते.

त्या दिवसापासून ते जेवायला येईनात. आई ताट झाकून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायची. तिनंच एकदा सुनावलं, "मास्तर, उपाशी रवल्यान खांब परत उभो रवतलो नाय. भिकूचो मान परत आणून द्या नि मगे काय तो उपास करा." आई अशीच बोलायची. पण ते मास्तरांना लागलं आणि लागू पडलं.

ते तात्यांकडे गेले. "चूक माझी आहे. खाचा मी पाडायला सांगितल्या," म्हणाले. तात्या हसले. चहा मागवला. "मास्तरांनू, तुमी मनाक लावन घेव नुको. तुमी शिकलेले, तुमची कशी चूक जायत? चिरोच खोटो होतो." मास्तर दुसऱ्या मानकऱ्याकडे गेले. तिथं खोबरं-गूळ मिळाला आणि तेच उत्तर. माझा दोष आहे म्हणून एक माणूस दारोदार फिरतो आणि गाव त्याला चहा पाजून परत पाठवतो, असलं दृश्य मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. शिकल्या माणसाची अब्रू गावाला मोलाची होती. भिकूच्या अब्रूबद्दल कोणाला काही पडलेलं नव्हतं.

आणि भिकू? मास्तर त्याच्याकडे गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले, एकट्यानं जायची छाती नव्हती. भिकू अंगणात बसून काथ्या वळत होता. गवंडीकाम त्यानं सोडलं होतं. मास्तर सांगू लागले तसा तो म्हणाला, "नाय हो मास्तरांनू. माझ्या चिऱ्यातच खोट असतली. माझो हातच चुकलो असतलो." राग असता तर बरं होतं. त्याला खरंच तसं वाटू लागलं होतं. आपल्या हातावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. परत येताना मास्तर वाटेत थांबले आणि म्हणाले, "बाई, बोलून भागणार नाही. मोडून दाखवावं लागेल."

भिकूच्या परड्यात त्याच खेपेचे उरलेले चिरे पडले होते. ते मागून आणले. तळेऱ्याच्या नाक्यावरच्या एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून जॅक आणला. होड्या बांधणाऱ्यांकडून जाड तुळया आणून त्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या, आणि तुळयांच्या त्या चौकटीत चिरा ठेवून खालून जॅकनं दाबायचा असं जुगाड देवळाच्या अंगणात उभं केलं. गाव बघायला जमला. एक चिरा कोरा, एक आडव्या खाचेचा, वर्गातल्या खडूसारखा. मास्तर घाम पुसत दांडा मारत होते. कोरा चिरा फुटला, तेवढ्याच जोरावर खाचेचाही फुटला. दोन्हींत काही फरक दिसला नाही.

"बघा! मी म्हणा होतय, मास्तरांची चूक नाय!" तात्यांनी टाळीच वाजवली. लोक आनंदानं घरी गेले. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "मास्तर, आता तरी मनातून काढा." ते माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच. "बाई, तुम्हीसुद्धा? मग खांब का फुटला?"

मग कित्येक दिवस त्यांच्या खोलीतून मोडतोडीचे आवाज येत राहिले. एका रविवारी आईनं कपडे धुवायला काढले आणि साबण सापडेना. "माझो साबण!" म्हणून ती मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. साबणाच्या वाळक्या वड्या मास्तरांच्या शिकंज्यात होत्या. त्यांनी मला हाक मारली. "बाई, बघा. इकडे या, बघा." एका वडीत त्यांनी पत्तीनं आडवी चीर पाडली होती, दुसरीत तिरपी. आडवीला दाबलं की ती नुसती मिटायची, खडूसारखी. तिरपीला दाबलं की तिची वरची कड खालच्या कडेवरून घसरायला बघायची, आणि तशी घसरली की चिरेच्या दोन्ही टोकांशी साबण फाटायचा. एका टोकाची भेग वळून वर जायची, दुसऱ्या टोकाची खाली. वडी मधोमध उभी दुभंगायची. अगदी त्या खांबासारखी.

मास्तरांच्या तोंडावर क्षणभर तोच जुना आनंद आला. मी पाहिला. आणि मग तो असा विझला की मला तिथं थांबवेना. "मी नेहमी आडवीच पाडली," ते म्हणाले. "इतकी वर्षं, दरवर्षी, आडवीच. भिकू तिरपी पाडत होता तेव्हा मला दिसत होतं हो. थांब, बघून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला फार बरं वाटत होतं."

आई साबण मागायला आली होती ती विसरून गेली.

पुन्हा गाव जमवला. ह्या खेपेला माणसं कंटाळतच आली. भिकूही आला आणि अंगणाच्या कडेला माडाला टेकून उभा राहिला. मास्तरांनी आधी तिरप्या खाचेचा चिरा ठेवला. थोडेसेच दांडे मारले आणि खाचेच्या टोकांतून भेगा निघाल्या, वरखाली गेल्या, चिरा दुभंगला. मग कोरा चिरा ठेवला. दांडा मारून मारून मास्तरांना धाप लागली, चौकटीची तुळई करकरू लागली, तिरप्याच्या कितीतरी पट जोर झाला तरी चिरा तसाच, तेव्हा गेल्या वेळेसारखा फुटेपर्यंत न दाबता मास्तर थांबले. मग दुसरा खाचेचा, मग दुसरा कोरा. पुन्हा तेच झालं. मास्तर गावाकडे वळले. हात जोडलेले, सदरा घामानं चिकटलेला. "हे चिरे भिकूचे आहेत. चिऱ्यात खोट नव्हती. खाच तिरपी होती आणि ती मी पाडू दिली. मला न तपासता बोलायची हौस. देवापुढं मी बोलायला उठलो आणि बसलो, तीही माझीच चूक. भिकूचा मान त्याला परत द्या."

भिकू पुढं आला. त्यानं चौकटीतला कोरा चिरा दोन्ही हातांनी बाहेर काढला, उलटा करून बघितला, त्याच्यावरून तळवा फिरवला. "म्हणजे चिरो बरो होतो," एवढंच बोलला.

तात्या उठले. मग म्हणाले, "मास्तर आपलेच आसत. चूक माणसाकडनाच जाता. देवान सांभाळून घेवचा." आणि मास्तरांच्या हातात देवापुढचा नारळ ठेवला. झालं, मास्तरांना माफी! जॅक थंड व्हायच्या आत माफी! "आणि भिकूचो मान?" मास्तरांनी विचारलं. तात्यांनी मान हलवली. "तो आता दुसऱ्या घराक दिलो. देवासमोर दिलेलो मान आमी परत कसो घेवचो? चूक कोणाची का असाना." कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही, पण कोणी 'नाही' म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. बायकांनी तिथं बोलायचं नसतं, ही सबब मी स्वतःला पुष्कळ दिली, पण ती मला कधी पटली नाही.

भिकूनं पुन्हा गवंडीकाम धरलं. तेवढं मात्र मास्तरांच्या हातून झालं. मान गेला तो गेलाच.

त्यानंतर दर जत्रेला मास्तर भिकूच्या घरी जाऊन बसू लागले. ढोल सुरू झाले की निघायचे, भिकूच्या ओसरीवर मान खाली घालून बसायचे आणि पालखी देवळात परतली की उठायचे. ज्याला जत्रेत उभं राहायला जागा उरली नाही, त्याच्याजवळ आपण बसावं, असा त्यांचा हिशेब. गावात ह्याचं कौतुकच झालं. "मास्तरांचा मन बघा!" म्हणायचे. मलाही फार मोठं वाटायचं ते.

एकदा भिकूची बायको, जनाबाई, शिवणाचं कापड घेऊन माझ्याकडे आली. कापड ठेवलं तरी उठेना. शेवटी पदराचं टोक पिळत म्हणाली, "बाईनू, रागावशात नाय मा? मास्तरांका सांगा, जत्रेदिवशी येव नुको म्हणान."

"का गं?"

"ते इले की ह्यांका घरात बसाचा लागता. मास्तर घराक इलेले, सोडून जावचा कसा? च्या करूक व्हयो, बोलूक व्हया. आणि मास्तर असे तोंड पाडून बसतत की ह्यांकाच त्यांची समजूत काढूची लागता. नातीक जत्रेतला खाजा व्हया असता, ती रडत रवता. मान नाय तर नाय गो बाई, पण जत्रा तरी बघूक गावांदे आमका."

जनाबाई गेल्यावर शिवणाच्या यंत्रावर डोकं टेकून बसले. आणि मग, कोणी तरी सांगायलाच हवं म्हणून, मास्तरांना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. ते ऐकत होते. "म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्यावर आणखी भार घालत होतो," एवढंच म्हणाले. त्याच महिन्यात त्यांनी बांद्याच्या बाजूला नोकरी बघितली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं ठरलं.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर मी देवळाकडे निघाले. भिकूच्या घराच्या वळणावर एक जुना फणस आहे. त्याच्या बुंध्यामागं मास्तर उभे होते. मला बघून त्यांनी हातानंच पुढं जायची खूण केली. तेवढ्यात भिकू आणि जनाबाई वाटेवर आली. भिकूनं धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि नातीला खांद्यावर घेतलं होतं. मला बघून तो थांबला.

"बाईनू, मास्तर खंय? औंदा येवक नाय ते. बरे आसत मा?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

"त्यांका सांगा, भिकून इचारल्यान म्हणान. आणि उद्या जातत ता खरा? भेटल्याशिवाय जाव नुको म्हणा."

जनाबाईला बुंध्याआडून मास्तरांच्या धोतराचा काठ दिसला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याचा दंड धरला. "चला वो, पोर खाज्यासाठी रडता." तिघं गेली. पोरगी भिकूच्या डोक्यावर ताल धरून ढोलाबरोबर हात आपटत होती.

मी झाडामागं गेले. मास्तर खाली बसले होते. म्हटलं, "ऐकलंत ना? तो तुमची विचारपूस करतो आहे. जा, भेटा त्याला."

"त्यानं एकदा तरी मला शिवी द्यायला हवी होती हो, बाई," मास्तर म्हणाले.

मग उठले. ऊन उतरलं होतं तरी हातातली छत्री उघडली, ती तोंडापुढं धरली, आणि देवळाकडे येणाऱ्या माणसांच्या उलट्या बाजूनं, खाडीच्या वाटेनं खाली निघून गेले.